बारा बाटल्यांचं स्थलांतर

"माणसाच्या संस्कृतीचा सगळा इतिहास म्हणजे शेवटी काय, तर द्रवपदार्थ एका जागेवरून दुसऱ्या जागी न सांडता कसा न्यायचा, याचा इतिहास!" असं मापसाहेब म्हणाले, आणि म्हणताना त्यांनी उजवा हात असा काही फिरवला की त्या हातातला चहा कपातून निघून थेट बांधून ठेवलेल्या चादरींच्या गाठोड्यावर गेला.

"झालं?" त्यांची बायको म्हणाली. "आता इतिहास पुसून घ्या. फडकं मोरीत आहे."

मापसाहेब हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. चौतीस वर्षं ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानदारांचे तराजू, पेट्रोलपंपांचे काटे आणि दूधवाल्यांची मापं तपासण्यात त्यांची उमर गेली. निवृत्त झाले तरी डोळा काही निवृत्त झाला नाही. कुणाच्या घरी पाणी पुढे केलं तर आधी पेला नजरेच्या रेषेत धरायचे, मनातल्या मनात आकडा वाचायचे, आणि मग प्यायचे. यजमानांना वाटे, पेल्यात काही पडलंय की काय. पुष्कळ घरांनी त्यांना नंतर पाणी विचारणंच सोडून दिलं.

तर घर बदलायचं होतं. तिसऱ्या मजल्याचे जिने चढून बायकोचे गुडघे कुरकुरायला लागले होते, म्हणून गावाच्या दुसऱ्या टोकाला लिफ्ट असलेल्या इमारतीत दोन खोल्या घेतल्या होत्या. कपाटं रिकामी झाली, भांडी खोक्यांत गेली, भिंतीवरची घड्याळं उतरली. प्रश्न उरला होता तो पलंगाखालच्या बारा बाटल्यांचा. त्यांत मापसाहेबांनी स्वतःच्या हातांनी केलेली वाइन होती.

इथे वाचकांचा गैरसमज नको. मापसाहेब पीत नव्हते. त्यांची बायको पीत नव्हती. त्यांच्याकडे येणाऱ्यांत पिणारं कुणी असेलच तर ते प्यायला त्यांच्याकडे येत नव्हतं. वाइन झाली ती थोरल्या दादांमुळे.

थोरले दादा म्हणजे मापसाहेबांचे सख्खे मोठे भाऊ. सात वर्षांनी मोठे, निवृत्त मुख्याध्यापक. या गृहस्थांनी बासष्ट वर्षांत धाकट्या भावाच्या एकाही गोष्टीला छान म्हटलेलं नव्हतं. लहानपणी मापसाहेबांनी रात्रंदिवस खपून नकाशा काढला, तर दादा म्हणाले, "रेघ तिरकी आहे." निरीक्षकाची जागा मिळाली तेव्हा म्हणाले, "आता तरी केस नीट काप." याच दादांनी मुलीकडे सहा महिने राहून आल्यावर जाहीर केलं, की लाल वाइन हृदयाला फार चांगली, मात्र ती घरी करणं येरागबाळ्याचं काम नाही. "तुला तर नाहीच जमायचं," असं ते कुणी विचारलेलं नसताना म्हणाले.

झालं. दुसऱ्या दिवशी चौदा किलो काळी द्राक्षं घरी आली. पुढचे दोन महिने न्हाणीघरातल्या पिंपात रात्रंदिवस बुडबुडे येत होते, आणि बायको अंघोळीला जाताना "मी आत येतेय हं," असं पिंपाला सांगून जात होती. त्या पिंपातून या बारा बाटल्या निघाल्या. येत्या रविवारी दादा नव्या घरी जेवायला येणार होते. तेव्हा त्यांना एक घोट द्यायचा आणि त्यांच्या तोंडून एकदाच, मरायच्या आधी (कोणाच्या, ते मापसाहेबांनी ठरवलं नव्हतं) 'छान' हा शब्द ऐकायचा, एवढीच इच्छा होती. दोन अक्षरं. त्यांच्यासाठी त्यांनी अख्खं न्हाणीघर पणाला लावलं होतं.

*

सामान हलवणाऱ्या कंपनीचा सुपरवायझर बुधवारी सकाळी यादी करायला आला. पलंगाखाली वाकून म्हणाला, "या खोक्यात काय आहे, काका?"

"काचसामान."

"आणि काचेच्या आत?"

दुसऱ्या कुणीही सरबत सांगून मोकळं झालं असतं. पण ज्या माणसाने चौतीस वर्षं लोकांना खोट्या मापाबद्दल दंड केला, तो स्वतःच्या पलंगाशेजारी उभा राहून खोटं कसं बोलणार? "द्रव," मापसाहेब म्हणाले.

"द्रव म्हणजे? फिनेल?"

"वाइन," आतून बायको ओरडली. "वाइन आहे म्हणून सांगा ना एकदाचं! किती वेळ तो वाकून राहील?"

सुपरवायझर सरळ झाला. कंपनीच्या नियमाप्रमाणे ट्रकमध्ये गॅस, जनावरं आणि दारू चालत नव्हती. "तुम्ही परवाना आणा. मग बघू. एकदा आमचा ट्रक लोणच्याच्या बरणीपायी सहा तास अडकला होता."

ही बातमी जिना उतरून तळमजल्यावर जायला चार मिनिटं लागली. तळमजल्यावर कंपाउंडर राहत. त्यांनी चाळीस वर्षं एका दवाखान्यात औषधाच्या पुड्या बांधल्या होत्या, आणि त्या बांधताना डॉक्टरचं जे बोलणं कानावर पडलं त्याच्या बळावर ते आता सगळ्या इमारतीला सल्ला देत. उरलेलं वैद्यकीय ज्ञान ते वर्तमानपत्रातून घेत, त्यामुळे त्यांचं मत दर अंकाला बदले.

"वाइन ना? अमृत आहे!" दारातूनच ते म्हणाले. "रक्त पातळ होतं. रक्तवाहिन्या कशा नळीसारख्या स्वच्छ राहतात."

"सोमवारी तुम्ही म्हणालात की यकृत सडतं."

"सोमवारी ते खरंच होतं. काल नवीन संशोधन आलंय." मग आवाज उतरवून त्यांनी विचारलं, "तुम्हाला स्वतःला काय अनुभव?"

मापसाहेबांनी कपाटातून वही काढली. दर रविवारी सकाळी ते आपल्या वाइनचे बरोबर पाच मिलीलिटर, म्हणजे चहाचा एक चमचा, घेत होते. आधी आणि नंतर नाडी मोजत होते. सात रविवारांच्या सात नोंदी होत्या: नाडी आधी बहात्तर, नंतर बहात्तर. शेरा: काही नाही. एकाच रविवारी नंतरची नाडी नव्वद लागली होती, पण तिथे शेरा होता: चमचा घेताना बायको आत आली.

"बघा!" कंपाउंडर म्हणाले. "हृदय स्थिर झालं."

*

परवाना कचेरीत तीन खिडक्या होत्या. पहिली होती वाइन करणाऱ्यांसाठी, दुसरी विकणाऱ्यांसाठी, तिसरी पिणाऱ्यांसाठी. मापसाहेब तिन्ही पाट्या वाचून मधोमध उभे राहिले. शेवटी तिसऱ्या खिडकीमागच्या कारकुनाला दया आली.

"या, या. किती पिता?"

"मी पीत नाही."

"मग विकता?"

"छे!"

"मग बारा बाटल्या नेताय कशाला?"

"थोरले बंधू चाखणार आहेत."

"किती?"

"एक घोट."

कारकुनाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पण समोर तेच गृहस्थ उभे होते. "साहेब, बाटल्या न्यायला परवाना लागतो. तो पिणाऱ्यालाच मिळतो. आणि पिणारा असल्याचा डॉक्टरचा दाखला लागतो, की या इसमाला प्रकृतीसाठी याची गरज आहे. दाखला आणा, सही करतो."

मापसाहेब तसेच डॉक्टरकडे गेले. डॉक्टरने छाती तपासली, पोट दाबलं, रक्तदाब घेतला, मागच्या महिन्याचे रिपोर्ट चाळले आणि म्हणाला, "तब्येत ठणठणीत आहे. अभिनंदन."

"असं कसं? नीट बघा," मापसाहेब काकुळतीने म्हणाले. "हृदयाला वाइन चांगली असते म्हणतात. थोडी गरज निघते का?"

"तसं पूर्वी म्हणायचे. आता आम्ही सांगतो, न पिणाऱ्याने प्रकृतीच्या नावाखाली सुरू करू नये. तुम्ही किती घेता?"

"आठवड्याला चमचाभर."

"तोही बंद करा."

"बरं, दुसरं काही बारीकसारीक? झोपेचं वगैरे?"

"झोप लागत नाही का?"

मापसाहेबांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "पडल्या पडल्या लागते."

निरोगी म्हणून दवाखान्यातून हाकलला गेलेला इसम कसा दिसतो, हे ज्याने पाहिलं नसेल त्याने त्या दिवशी मापसाहेबांना जिना उतरताना पाहायला हवं होतं. आयुष्यभर वेळेवर जेवलो, वेळेवर झोपलो, त्याचं हे फळ! वाटेत त्यांनी मुद्दाम उन्हात उभं राहून बघितलं. चक्करसुद्धा आली नाही.

गुरुवारी ते पुन्हा तिसऱ्या खिडकीशी. कारकून मुळात सज्जन होता. त्याने नियमांचं पुस्तक मागून पुढे असं चाळलं आणि एक कलम काढलं. घर बदलताना घरगुती सामान म्हणून नऊ लिटरपर्यंत नेता येत होतं, नुसत्या अर्जावर. "बारा बाटल्या, साडेसातशे मिलीच्या. बाराने गुणलं की नऊ. बघा, तुमच्यासाठीच लिहिल्यासारखं आहे." त्याने शिक्का शाईत बुडवला.

"नऊ नाही," मापसाहेब म्हणाले.

"साहेब, बाटली साडेसातशेची ना?"

"बाटली साडेसातशेची. पण मी ती बुचापर्यंत भरली आहे. प्रत्येकीत सातशे बहात्तर आहेत. एकूण नऊ लिटर दोनशे चौसष्ट."

शिक्का हवेत थांबला. रांगेतल्या मागच्या माणसाने मोठ्याने सुस्कारा सोडला. "साहेब," कारकून अगदी हळू म्हणाला, "मी मोजायला येणार नव्हतो."

"म्हणूनच मला सांगणं भाग आहे."

शेवटी अकरा बाटल्यांना परवानगी मिळाली आणि बारावी कचेरीत जमा करायचं ठरलं. मापसाहेब घरी जाऊन ती घेऊन आले. कारकुनाने तिच्यावर चिकटपट्टी लावून नंबर घातला आणि ती फायलींच्या कपाटावर ठेवली. मापसाहेब दारापर्यंत जाऊन दोनदा परत आले. "उन्हात नको ठेवू," म्हणाले. मुलीला सासरी सोडून आलेल्या बापासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

*

परवाना पाहूनही सुपरवायझर बधला नाही. "कागद सरकारचा आहे, ट्रक कंपनीचा," तो म्हणाला. तेव्हा कंपाउंडर पुढे झाले. त्यांच्याकडे एक जुनी मोटार होती. तिला गेल्याच महिन्यात त्यांनी पांढरीशुभ्र सीटकव्हरं घातली होती. "माझ्या गाडीतून नेऊ," ते म्हणाले. "पण नेण्याचं एक शास्त्र असतं. बाटल्या आडव्या ठेवायच्या. बूच ओलं राहिलं पाहिजे."

"उभ्या ठेवा," मापसाहेबांची बायको म्हणाली. "बाटली उभी राहते म्हणून तिला बूड दिलंय."

"वहिनी, हा शास्त्राचा प्रश्न आहे."

"सीटकव्हरं पण शास्त्राचीच आहेत का?"

शास्त्र जिंकलं. प्रत्येक बाटलीला एकेक लोकरी मोजा चढवला गेला. मोजे मापसाहेबांचे, सहा हिवाळे जपलेले. दहा बाटल्या मागच्या सीटवर ओळीने आडव्या झाल्या, पाळणाघरात बाळं निजवल्यासारख्या. अकरावीला तिथे जागा उरली नाही, म्हणून मापसाहेबांनी ती पुढे आपल्या मांडीवर उभी धरली. बायको ट्रकवाल्याबरोबर गेली. "मला माझ्या भांड्यांवर लक्ष ठेवायचंय," म्हणाली, आणि त्या एका वाक्यात तिने आपला जीव वाचवला.

शुक्रवारी दुपारी बारा वाजता मोटार निघाली. ऊन रणरणत होतं. मापसाहेबांच्या आग्रहाखातर काचा बंद होत्या, कारण वाऱ्याने वाइनला धक्का बसतो असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. गाळ ढवळू नये म्हणून कंपाउंडर ताशी पंधराने चालवत होते. मागे मोटारी, रिक्षा आणि पाण्याचा एक टँकर अशी लांबलचक मिरवणूक तयार झाली होती, आणि ती भोंगे वाजवत होती.

"गरम होतंय," कंपाउंडर म्हणाले.

"मोजे आहेत की," मापसाहेब म्हणाले. "ऊन लागणार नाही."

इतक्यात मागून 'फट्' असा आवाज आला आणि कंपाउंडरांच्या उजव्या कानामागे काहीतरी सणकन बसलं.

"गोळी लागली!" ते ओरडले आणि त्यांनी ब्रेक दाबला.

ब्रेक दाबल्याबरोबर उरलेल्या नऊ बाटल्या सीटवरून गडगडत खाली आल्या. दोन फुटल्या. बाकीच्यांनी आपापली बुचं एकापाठोपाठ सोडली: फट्, फट्, फट्फट्. एक छताला लागून आरशावर आलं. एक मापसाहेबांच्या चष्म्यावर. मग शांतता पसरली, आणि त्या शांततेत फक्त कसलंसं झुळझुळ वाहणं ऐकू येत होतं. कंपाउंडरांनी कानामागे हात लावला. हात लालभडक झाला.

"मी चाललो," ते म्हणाले. "माझ्या मुलाला सांगा..."

"ती वाइन आहे, कंपाउंडर."

"रक्त नाही?"

"नाही. रक्त इतकं पातळ नसतं."

वाहतूक पोलिसाने काच ठोठावली. दार उघडताच आतला वास त्याच्या अंगावर आला, तसा तो एक पाऊल मागे सरकला. आत नखशिखांत जांभळे झालेले दोन वयस्क गृहस्थ ताठ बसले होते. मापसाहेबांनी खिशातून परवाना काढला. त्याचा लगदा झाला होता. फक्त 'घरगुती सामान' एवढं वाचता येत होतं.

पोलिसाने दोघांना नळी फुंकायला लावली. मापसाहेब शून्य. कंपाउंडर शून्य. त्याने यंत्र झटकलं. पुन्हा शून्य. मग त्याने ते यंत्र नुसतंच गाडीत धरलं, तर ते शिट्टी मारायला लागलं.

"काका," तो गोंधळून म्हणाला, "इतकी वर्षं हे काम करतोय. लोकांच्या पोटात असते, अंगावर नसते. तुमचं उलटंच आहे. झालं काय?"

मापसाहेबांनी सगळं सांगितलं. द्राक्षांपासून सुरुवात केली. मागच्या टँकरवाल्याने भोंगा बंद केला आणि तोही ऐकायला आला. पोलिसाने एक न फुटलेली बाटली उचलून तिच्या गळ्याशी बोट लावलं.

"इथपर्यंत भरली होती?"

"बुचाला टेकेपर्यंत."

"अहो, वर बोटभर जागा सोडायची असते! तापलं की फुगतं. फुगून जाणार कुठे?"

"आमच्या टँकरमध्येसुद्धा सोडतो," टँकरवाला म्हणाला.

"जागा सोडली," मापसाहेब खोल आवाजात म्हणाले, "म्हणजे माप कमी भरतं."

पोलिसाने नुसतं कंपाउंडरांकडे पाहिलं. कंपाउंडर आपल्या सीटकव्हरांकडे पाहत होते.

त्यांना सोडण्यात आलं. मापसाहेबांच्या मांडीवरची अकरावी बाटली तेवढी शाबूत होती, कारण सबंध वेळ त्यांचा अंगठा तिच्या बुचावर दाबलेला होता. आता तो सरळ होत नव्हता.

"माझ्या छातीत धडधडतंय," थोडं पुढे गेल्यावर कंपाउंडर म्हणाले. "औषध म्हणून एक घोट द्या."

"नाही."

"माझी गाडी गेली, कव्हरं गेली, कान गेला. एक घोट!"

"ही दादांची आहे. आणि तुम्हीच सोमवारी म्हणालात, यकृत सडतं."

"काल तर म्हणालो ना अमृत!"

"काल नाही, परवा. आज शुक्रवार. आजचा पेपर वाचलात?"

कंपाउंडरांनी वाचला नव्हता.

*

रविवारी बरोबर अकराला दादा आले. लिफ्टमधून बाहेर पडताच दोनदा शिंकले, रुमालाने नाक पुसलं, दार, कडी आणि कोयंडा तपासला आणि म्हणाले, "बिजागरी करकरते."

"या दादा, बसा," मापसाहेबांची बायको म्हणाली. बसायला तूर्त दोन खोकी होती. एकावर 'नाजूक' लिहिलं होतं. दादा त्याच्यावर बसले. दुसऱ्यावर कंपाउंडर आधीपासून होते. कान अजून जांभळा होता, पण ते आले होते. 'दोन शब्दांसाठी माझी गाडी गेली, ते ऐकल्याशिवाय मी जाणार नाही,' असं त्यांनी बजावलं होतं. मापसाहेबांनी "शब्द एकच आहे," अशी दुरुस्ती केली होती.

पेल्यांचं खोकं सापडेना. सापडलं ते मापसाहेबांचं कचेरीतलं जुनं, रेघा असलेलं मोजपात्र. त्यात त्यांनी बरोबर पन्नास मिलीलिटर ओतली. अंगठा अजून वाकडाच होता, त्यामुळे पात्र दोन्ही हातांनी पुढे केलं.

"दादा," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज इयत्ता तिसरीतला निघाला. "मी केलीय. घरी."

दादांनी पात्र घेतलं. उजेडात धरलं. एक घोट घेतला. तोंडात ठेवला. खोलीत कुणी हललं नाही. स्वयंपाकघराच्या दारात बायको हातात सोललेला कांदा घेऊन तशीच उभी राहिली. आयुष्यात तिने नवऱ्याच्या या भानगडींना एकदाही धरबंध घातला नव्हता, असं नाही, रोजच घातला होता. पण आत्ता ती मनातल्या मनात म्हणत होती, म्हणा हो, म्हणा एकदा, तुमचं काय जातंय!

दादांनी घोट गिळला. पात्र खाली ठेवलं. बाटली हातात घेतली, फिरवून पाहिली, खालून पाहिली, नखाने टिचकी मारून ऐकली.

"छान आहे," ते म्हणाले.

मापसाहेबांनी भिंतीला हात टेकला. डोळ्यांपुढची खोकी भराभर धूसर झाली. कंपाउंडरांनी खाडकन मांडीवर थाप मारली, "वसूल झालं!" आणि बायकोने डोळे पुसले. कांदा हातात असल्यामुळे डोळ्यांत पाणी कशामुळे आलं, हे शेवटपर्यंत तिला सांगावं लागलं नाही.

"खरंच, दादा?"

"हो. बूड जाड आहे. काच एकसारखी. तोंडही बेताचं. हल्ली अशी बाटली बघायला मिळत नाही."

खोलीत पुन्हा कुणी हललं नाही.

"आणि... आतली?" मापसाहेबांनी विचारलं.

"कुठली? हां, ती होय. ती काही कळली नाही मला. परवापासून सर्दी आहे, तोंडाला चवच नाही. असेल बरी." दादा उठले आणि बाटलीतली उरलेली वाइन हलवून पाहत म्हणाले, "असं कर, ही कशात तरी ओतून ठेव आणि बाटली मला दे. जाताना घेऊन जातो. फक्त दोनदा विसळ. वास राहायला नको, मला उशाशी पाणी भरून ठेवायचंय."